जुन्या बाजारातले जर्मन चांदीचे काटे-चमचे: ठशांवरून चांदी आणि काळ कसा ओळखायचा?

उल्मकर

मंडळी, इथे जर्मनीत उल्मच्या फ्लोमार्क्टात, म्हणजे जुन्या बाजारात, काटे-चमच्यांची एक पेटी घेतली आहे. विक्रेत्याने चिठ्ठीवर सरसकट "चांदी, सुमारे १८८०" असं लिहिलंय. आत चार जाती दिसतात. भिंगातून जे दिसलं ते लिहितो.

अ) सहा जेवणाचे चमचे, लांबी २१.५ सेंमी, प्रत्येकी ६२ ग्रॅम. दांड्यामागे ओळीने चंद्रकोर, मुकुट, ८००, पंख पसरलेला पक्षी आणि कुणा दुकानदाराचं आडनाव.

आ) पाच काटे, प्रत्येकी ४८ ग्रॅमच्या आसपास, हाताला पातळ लागतात. मागे चौकटीत "१२" आणि झिजलेलं एक नाव, बाकी काही नाही. एका काट्यावर करवतीच्या दात्यांसारखी बारीक नागमोडी चर आहे.

इ) सहा सुऱ्या. मुठीवर चंद्रकोर, मुकुट, ८००. पात्यावर "रोस्टफ्राय, झोलिंगेन".

ई) चार चमचे, मागे डब्ल्यूएमएफ, गोलात "९०" आणि शेजारी "४५". सोबत एक मोठा डाव, त्यावर फक्त "अल्पाका".

प्रश्न तीन. यातली खरी चांदी कोणती? "१८८०" कितपत खरं? आणि पुण्याच्या सराफांना फोटो पाठवले तर ते म्हणाले, "जर्मन सिल्व्हर दिसतंय, त्यात चांदी नसते." मग जर्मनीतली चांदी आणि जर्मन सिल्व्हर यात नेमका फरक काय?

टंच

शेवटचा प्रश्न आधी, कारण तो गोंधळ आपल्याकडे फार आहे. मराठीत "जर्मनचं पातेलं" म्हटलं की ते ॲल्युमिनियमचं. पूजेच्या दुकानातलं "जर्मन सिल्व्हर" हे तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण, त्यात चांदी शून्य. जर्मनीत त्याच मिश्रणाला नॉयझिल्बर, म्हणजे "नवी चांदी" म्हणतात. १८२३ च्या सुमारास सॅक्सनीत श्नेबेर्गचे गाइटनर आणि बर्लिनचे हेनिगर बंधू या दोघांनी स्वतंत्रपणे ते बाजारात आणलं. अर्जेंटान, अल्पाका ही त्याचीच व्यापारी नावं. सराफांनी फोटोतलं जे सांगितलं ते तुमच्या डावाला शंभर टक्के लागू आहे. अ आणि इ या गटांना अजिबात नाही.

आता चंद्रकोर-मुकुट. जर्मन साम्राज्याचा सोन्या-चांदीच्या शुद्धतेचा कायदा १६ जुलै १८८४ चा, अंमल १ जानेवारी १८८८ पासून. त्याप्रमाणे भांडी आणि काटे-चमचे यांवर शुद्धतेचा आकडा मारायचा असेल तर माल किमान ८०० हवा, म्हणजे आपल्या भाषेत ८० टंच. ठशात चार गोष्टी लागतात: साम्राज्याचा मुकुट, चांदीसाठी चंद्रकोर (सोन्यासाठी सूर्य), हजारातला आकडा, आणि ज्या पेढीसाठी ठसा मारला तिचं नाव किंवा नोंदलेली खूण. चांदीत आकड्यापेक्षा हजारात आठपर्यंतची घट चालते, म्हणून ८०० चा माल ७९२ भरला तरी तो कायद्यात बसतो.

एक गोष्ट मात्र इंग्लंडपेक्षा वेगळी आहे. जर्मनीत या कायद्याखाली सरकारी परख-कार्यालय माल तपासून ठसा मारत नाही. ठसा कारखानदार स्वतःच मारतो आणि जबाबदारीही त्याचीच. म्हणून इंग्लिश चांदीवर असतं तसं वर्षाचं अक्षर जर्मन काट्या-चमच्यांवर शोधू नका, सापडणार नाही. नेमकं वर्ष नाही, "या आधीचं नाही, त्या नंतरचं नाही" एवढंच काढता येतं.

तुमच्या अ गटाला चंद्रकोर-मुकुट आहे. म्हणजे १८८० ची चिठ्ठी तिथेच पडली.

काटकोन

टंच यांच्याशी सहमत, आणि वरचं टोकही पक्कं आहे. १९१८ मध्ये कैसर, म्हणजे जर्मन सम्राट, गेला, साम्राज्य गेलं, त्यामुळे मुकुटही गेला. अ गट १८८८ ते १९१८ असा धरा.

टंच

काटकोन, इथे थांबा. हा समज बऱ्याच ठिकाणी लिहिलेला दिसतो, पण चुकीचा आहे. कैसर गेला तरी मुकुट राहिला. कायदा प्रजासत्ताकातही चालू राहिला, १९४५ नंतरही राहिला, आणि आजही जर्मन कारखाने नव्या चमच्यांवर चंद्रकोर-मुकुट मारतात. म्हणजे ही खूण खालचं टोक देते, वरचं देत नाही. १९६५ च्या चमच्यावर अगदी हाच ठसा असू शकतो.

वरचं टोक बाकीच्या खुणांतून काढायचं. उपयोगाच्या क्रमाने लिहितो.

पहिली, कारखान्याची खूण. पंख पसरलेला पक्षी चंद्रकोरीच्याच ओळीत असेल तर तो बहुधा हाइलब्रॉनच्या ब्रुकमान कारखान्याचा गरुड. हा कारखाना १८०५ चा, १९७३ पर्यंत चालला, म्हणून नुसत्या गरुडाने काळ फारसा आवळत नाही. पण इतर खुणा आवळतात. ब्रेमेनच्या ब्रेमर झिल्बरवारेनफाब्रिकची बीएसएफ ही अक्षरं असतील तर माल १९०५ च्या आधीचा असूच शकत नाही. श्वेबिश ग्म्युंडच्या बिंडर कारखान्याची डब्ल्यूटीबी ही अक्षरं असतील तर १८६८ नंतरचा. ब्रेमेनचे विल्केन्स (१८१०) आणि कोख उंड बेर्गफेल्ड (१८२९), फ्लेन्सबुर्गचे रॉबे उंड बेर्किंग (१८७४) ही नावंही वारंवार भेटतील.

जपून: गरुड हे फ्रांकफुर्टचं शहरचिन्हही आहे. एकटा गरुड, शेजारी चंद्रकोर नाही, आकडा लोटमध्ये (शुद्धतेचं जुनं जर्मन माप), असं असेल तर वाट वेगळी. सगळे ठसे एकत्र वाचायचे, सुटा ठसा फसवतो.

दुसरी, दुकानदाराचं नाव. बहुतेक लोक याकडे दुर्लक्ष करतात आणि चुकतात. "ज्या पेढीसाठी ठसा मारला तिचं नाव" असं कायद्यातच आहे, म्हणून विकणाऱ्या जवाहिऱ्याचं नाव ही निव्वळ जाहिरात नाही, ठशाचाच भाग आहे. काळ सर्वांत घट्ट यातूनच आवळतो. जर्मन शहरांची जुनी आद्रेसबुखं, म्हणजे घरोघरच्या रहिवाशांचे आणि धंद्यांचे वार्षिक पत्ते, आता बऱ्याच शहर-ग्रंथालयांनी स्कॅन करून मोकळी ठेवली आहेत. शहर माहीत असेल तर आडनाव आणि "युवेलियर" (जवाहिऱ्या) किंवा "गोल्डश्मिड" (सोनार) हा धंदा दहा-दहा वर्षांच्या उड्यांनी बघा. दुकान पहिल्यांदा कधी दिसतं, कधी गायब होतं, भागीदाराचं नाव कधी जोडलं गेलं, हे कळतं. नावापुढे "होफ" हा शब्द असला, म्हणजे दरबारी पुरवठादार, तर माल राजेशाहीच्या काळातला असण्याची शक्यता मोठी. पण काही दुकानांनी ती बिरुदं १९१८ नंतरही मिरवली, त्यामुळे एवढ्यावर निर्णय देऊ नका.

तिसरी, सुटे शब्द. डी.आर.जी.एम. ही अक्षरं म्हणजे नोंदलेला नमुना, ती नोंदणी १८९१ पासून. डी.आर.पी. म्हणजे साम्राज्याचं पेटंट, ते १८७७ पासून. "मेड इन जर्मनी" हे १८८७ च्या ब्रिटिश कायद्यामुळे आलं, "वेस्ट जर्मनी" १९४९ ते १९९०. "स्टर्लिंग" (म्हणजे ९२५ ची चांदी) असा इंग्रजी शब्द दिसला तर निर्यातीचा किंवा अलीकडचा माल असं आधी गृहीत धरा.

चौथी, आकडा. ८०० हा सगळ्या काळात चालला. ८३५ मुख्यतः विसाव्या शतकात दिसतो. ८३० दिसला तर तो स्कँडिनेव्हियाकडचा. आणि एक मजा: ८०० आणि ८३५ हे दोन्ही दर्जे आपल्या भारतीय हॉलमार्किंगच्या मानकातही आहेत, तेव्हा सराफांना "८० टंच" सांगितलं की ते लगेच समजतील.

काटकोन

मान्य, १९१८ चं माझं विधान मागे घेतो.

भिंगवाला

आ गटाबद्दल लिहितो, पेटीत खरा रस तिथेच आहे.

"१२" म्हणजे बारा लोट. १८८८ च्या आधी जर्मन प्रदेशांत शुद्धता सोळा लोटांत मोजत. आपल्या सोळा आण्यांसारखंच: सोळा लोट म्हणजे शुद्ध, बारा लोट म्हणजे बारा आणे चांदी. एक लोट ६२.५ हजारांश. म्हणून १२ लोट = ७५०, १३ लोट = ८१२.५, १४ लोट = ८७५, १५ लोट = ९३७.५. लोटाचे पुढे अठरा ग्रेन पडतात, पण काट्या-चमच्यांवर ते क्वचितच मारलेले असतात. ढोबळ मानाने उत्तरेकडे बारा लोट, दक्षिणेकडे, व्युर्टेंबेर्ग-बव्हेरियात, तेरा लोट जास्त.

आता तर्क बघा. नव्या कायद्याने भांड्यांसाठी ८०० ची खालची मर्यादा घातली, आणि ७५० ही तिच्याखाली येते. म्हणून "१२" चा ठसा असलेला काटा १८८८ च्या आधीचा. तुमच्या विक्रेत्याची "१८८०" ही चिठ्ठी योगायोगाने याच गटाला थोडीफार लागू पडते, पण काटे त्याहून बरेच जुने असण्याची शक्यता आहे. ४८ ग्रॅमचा हलका, पातळ काटा हा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नेहमी दिसतो. साम्राज्याच्या काळातला, म्हणजे १८७१ नंतरचा श्रीमंती माल सहसा जाड आणि वजनदार असतो. दांड्याचा आकार सारंगीसारखा, शेवटाला रुंद आणि कडेला खांदे असलेला आहे का, ते सांगा. नक्षी नसलेला तो आकार असेल तर पूर्वार्धाकडे झुकतं माप द्यायला हरकत नाही.

नुसत्या आकारावरून मात्र निकाल देऊ नये. जुने आकार कारखान्यांनी पुढे शंभर वर्षं पुन्हा पुन्हा काढले. आउग्सबुर्गर फाडेन, म्हणजे कडेने दोरा फिरवल्यासारखी रेघ, हा आकार आजही नवा मिळतो.

शहरचिन्ह नाही म्हणून खोटं समजू नका. मोठ्या शहरांचे ठसे ठरलेले होते: आउग्सबुर्गचं पाइनचं बोंड (१७३५ पासून खाली अक्षर), न्युर्नबेर्गचा "एन", बर्लिनचं अस्वल, ब्रेमेनची किल्ली, हांबुर्गचा किल्ला. पण उत्तरेच्या लहान गावांतले कारागीर पुष्कळदा फक्त स्वतःचं नाव आणि "१२" एवढंच मारत. तिथे नाव वाचता येणं हाच एकमेव रस्ता.

झिजलेलं नाव वाचण्यासाठी:

ठसा घासू नका. खोलगट भागातला काळा थर हाच तुमचा मित्र आहे, तो गेला की अक्षरं गेली. १० पट भिंग घ्या, खोली अंधारी करा आणि एकच दिवा पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा. मग काटा त्या उजेडात हळूहळू फिरवा. एका बाजूने उभ्या रेघा उठतात, नव्वद अंशांत फिरवलं की आडव्या. चार दिशांनी चार फोटो काढा, एकाच फोटोत सगळं नाव येईल अशी आशा धरू नका.

तरी जमलं नाही तर काजळी. मेणबत्तीच्या ज्योतीच्या टोकावर ठसा दोन-तीन सेकंद फिरवून हलका काळा करा, जास्त तापू देऊ नका. गार झाल्यावर त्यावर पारदर्शक चिकटपट्टी घट्ट दाबा, उचला आणि पांढऱ्या कागदावर चिकटवा. उंच भाग काळा, खोल अक्षरं पांढरी. पट्टीतून बघायचं असल्याने अक्षरं उलटी येत नाहीत, सरळ वाचता येतात. उरलेली काजळी कोमट पाणी आणि साबणाने जाते. सुऱ्यांच्या मुठींवर हा प्रयोग नको, कारण पुढे कुणीतरी सांगेलच.

नागमोडी चर ही परखीची खूण आहे. जर्मनमध्ये ट्रेमोलियरश्टिश. परख करणारा टोकदार हत्याराने डावी-उजवीकडे हलवत चांदीचा बारीक कीस काढायचा आणि तो भट्टीत तपासायचा. शहराच्या देखरेखीखाली माल तपासला जात होता त्या काळाचं ते चिन्ह, म्हणजे तुमच्या तारखेला पूरक. मात्र ही चर हाताने नवी काढणं सोपं आहे आणि नकली मालावर काढलेलीही दिसते. चरेच्या कडा भिंगाखाली बघा. खऱ्या जुन्या चरेच्या कडा आजूबाजूच्या झिजेइतक्याच गोल झालेल्या असतात. कडा तीक्ष्ण, आत चकाकी आणि बाहेर मळ असेल तर संशय घ्या.

आणि हो, "१३" असेल आणि तो चक्रासारख्या आकृतीत, सालासकट असेल, तर तो जर्मन नव्हे, ऑस्ट्रियाचा, १८६६ पर्यंतचा. १८६७ पासून ऑस्ट्रिया-हंगेरीच्या मालावर डायना देवीचं मस्तक आणि १ ते ४ आकडा येतो (१ = ९५०, २ = ९००, ३ = ८००, ४ = ७५०). दक्षिण जर्मनीच्या बाजारांत हा माल भरपूर असतो आणि विक्रेते तो बिनदिक्कत जर्मन म्हणून विकतात.

मुलामा

ई गट माझ्या वाट्याचा.

"९०" म्हणजे ९०० नव्हे. लोकांची सर्वांत मोठी फसगत याच आकड्यावर होते. ८००, ८३५ असा तीन आकडी असेल तर चांदीची शुद्धता, दोन आकडी ९० किंवा तीन आकडी १०० असेल तर मुलाम्याची जाडी. ९० चा अर्थ: २४ चौरस डेसिमीटर पृष्ठभागावर, म्हणजे साधारण १२ जेवणाचे चमचे आणि १२ काटे यांवर मिळून, ९० ग्रॅम चांदी चढवलेली आहे. चांदीची घनता १०.५ धरली तर थराची जाडी सुमारे ३६ मायक्रॉन येते. शेजारचा ४५ म्हणजे त्या जातीच्या एका डझनावर चढलेले ग्रॅम. तुमच्या चमच्यांवर म्हणून प्रत्येकी पावणेचार ग्रॅमच्या आसपास चांदी, चौघांवर मिळून १५ ग्रॅम, तीही झिजलेली नसेल तर. कॉफीच्या चमच्यांवर दुसरा आकडा याहून बराच लहान दिसतो, कारण पृष्ठभागच लहान. त्याचा अर्थ हलका मुलामा असा होत नाही.

डब्ल्यूएमएफ म्हणजे गाइस्लिंगेनची व्युर्टेंबेर्गिशे मेटालवारेनफाब्रिक, या नावाने १८८० पासून. उल्मपासून अगदी जवळ आहे, त्यामुळे तुमच्याकडच्या प्रत्येक जुन्या बाजारात तिचा माल ढिगाने दिसेल. अल्पाका हे नाव ऑस्ट्रियातल्या बेर्नडोर्फच्या मालावर खूप आढळतं, तिथे सोबत अस्वल असतं. तुमच्या डावावर अस्वल आहे का बघा. असेल तर ते बर्लिनचं शहरचिन्ह समजू नका.

मुलामा ओळखायला ठसा वाचायचीही गरज नाही. चमच्याचा मागचा फुगवटा, जो टेबलावर टेकतो तो भाग, आणि काट्याच्या दात्यांची टोकं बघा. तिथे मुलामा गेला की खालून पिवळसर-करडा रंग दिसतो आणि रंगाची सीमा डोळ्याला जाणवते. चांदीचा चमचा कितीही झिजला तरी आतून चांदीच निघते, सीमा दिसत नाही. फक्त ८०० ची चांदी काळवंडताना किंचित तांबूस-पिवळी होते, तिला मुलाम्याची झीज समजू नये.

उल्मकर

सर्वांचे आभार. दांड्याचा आकार सारंगीसारखाच आहे, नक्षी नाही. डावावर अस्वल आहे! काजळीने नावातली शेवटची पाच अक्षरं निघाली, सुरुवात अजून नाही. घरात ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा आहे. एक काटा हवेत ४८.३ ग्रॅम. पाण्यात बुडवून मोजण्याबद्दल वाचलं होतं, तसं केलं तर पाण्याच्या भांड्याचं वजन ४.८ ग्रॅमने वाढलं. ४८.३ भागिले ४.८ म्हणजे १०.०६. हे ७५० चंच ना?

टंच

पद्धत बरोबर आहे, निष्कर्ष थोडा घाईचा. आधी तक्ता, तांबं-चांदीच्या मिश्रणाचा:

७५० ची घनता सुमारे १०.०६
८०० ची १०.१४
८३५ ची १०.२०
९२५ ची १०.३६
नॉयझिल्बर ८.७ च्या आसपास

तुमचा वजनकाटा ०.१ ग्रॅमचा, म्हणजे ४.८ हा आकडा खरा ४.७५ ते ४.८५ मध्ये कुठेही असू शकतो. घनता मग ९.९६ ते १०.१७ मध्ये कुठेही. त्यात ७५० ही बसते आणि ८०० ही. एवढ्यावरून "नॉयझिल्बर नाही" हे ठामपणे म्हणता येतं, "७५० च आहे" हे म्हणता येत नाही.

सुधारायचं तर पाचही काटे एकत्र दोऱ्याने बांधून बुडवा. बेरीज २४१ ग्रॅम धरली तर ७५० ला वाढ २३.९६ यावी, ८०० ला २३.७७. फरक ०.१९ ग्रॅम. ०.१ च्या वजनकाट्यावर तो जेमतेम कळेल, ०.०१ च्या खिशातल्या जवाहिरी वजनकाट्यावर स्वच्छ कळेल. चुका कुठे होतात ते सांगतो. काटे भांड्याच्या तळाला किंवा कडेला टेकले की संपूर्ण मोजमाप वाया. दात्यांमध्ये हवेचे बुडबुडे अडकतात आणि घनता खरीपेक्षा कमी दाखवतात, म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब टाका आणि काटे हलवून घ्या. दोरा बारीक नायलॉनचा घ्या, सुती दोरा पाणी पितो. पाणी खोलीच्या तापमानाला आलेलं असू द्या.

सुऱ्यांवर ही पद्धत निरुपयोगी, मूठ पोकळ आणि आत भरण.

घनता मोजायचा कंटाळा असेल तर एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी धातूंचं प्रमाण मोजणाऱ्या, मशीनवाला सराफ शोधा, पण त्यातही मेख आहे. ते यंत्र वरचा काही मायक्रॉनांचा थरच वाचतं. ९० च्या मुलाम्यावर ते आनंदाने "शुद्ध चांदी" सांगेल. जुन्या लोटाच्या मालाबाबतही ते जास्त आकडा देतं, कारण कारागीर शेवटी माल तापवून आम्लात उकळत. वरच्या थरातलं तांबं निघून जाई आणि पांढरी, जवळजवळ शुद्ध चांदीची त्वचा उरे. म्हणून वाचन नेहमी सर्वांत झिजलेल्या जागी घ्यायला सांगा, चमच्याच्या फुगवट्यावर किंवा दात्यांच्या टोकाशी, आणि दोन-तीन जागी. आकडे एकमेकांत बरेच वेगळे आले तर सर्वांत कमी आकडा खऱ्याच्या जवळचा.

कुणी तांबड्या आम्लाची बाटली सुचवेल. त्यात नायट्रिक आम्ल आणि पोटॅशियम डायक्रोमेट असतं, चांदीवर थेंब रक्तासारखा लाल होतो. मुलाम्यावरही लालच होतो, खोलवर कानस मारल्याशिवाय भेद कळत नाही. त्यात तुमचा काटा खराब, शिवाय क्रोमेट विषारी. घरी नकोच.

मुलामा

सुऱ्यांचं राहिलं. मूठ चांदीच्या पातळ पत्र्याच्या दोन अर्ध्या भागांची, मधोमध डाग देऊन जोडलेली, आत राळ किंवा सिमेंटसारखं भरण आणि त्यात पात्याची शेपटी रोवलेली. म्हणून मुठीवरचा ८०० हा पत्र्यापुरता. सबंध सुरीच्या वजनाचा चांदीशी काही संबंध नाही. मोडीत काढताना पत्रा साधारण वीस-पंचवीस ग्रॅमच भरतो.

"रोस्टफ्राय" म्हणजे न गंजणारं, झोलिंगेन हे सुऱ्यांसाठी प्रसिद्ध जर्मन शहर. क्रुप या जर्मन पोलाद कंपनीचं न गंजणाऱ्या पोलादाचं पेटंट १९१२ चं, घरगुती सुऱ्यांत ते पहिल्या महायुद्धानंतर रुळलं. म्हणजे पातं १९२० च्या आसपासचं किंवा नंतरचं. मूठ मात्र त्याहून जुनी असू शकते, कारण गंजकी पाती काढून नवी बसवणं हे काम जर्मनीत सर्रास होत असे आणि आजही होतं. ओळखायचं असं: पातं जिथे मुठीत शिरतं तिथली कडी बघा. तिथे ताजं पांढरट सिमेंट, फट, किंवा पातं मुठीच्या मध्यरेषेपासून किंचित सरकलेलं दिसलं तर बदललेलं. मुठीवरचं मोनोग्राम (मालकाची कोरलेली आद्याक्षरं) झिजून गुळगुळीत आणि पातं चकचकीत, हीही खूण. शिवाय मुठींवर कोणत्या कारखान्याची खूण आहे ते लिहिलेलं नाहीत. तिथेही तोच गरुड आणि नक्षी अ गटाशी जुळत असेल, तर सुऱ्या आणि चमचे एकाच संचातले, आणि संचाची तारीख चमच्यांच्या दुकानदारावरून ठरवा, पात्यावरून नव्हे.

भिंगवाला म्हणाले ते याचसाठी: मुठीला आंच, उकळतं पाणी, डिशवॉशर यांपैकी काहीही नको. आतली राळ फुगते आणि डाग उकलतो, पातं निसटतं. चांदी उजळायला वापरतात त्या फॉइल-सोड्याच्या गरम पाण्यातही सुऱ्या बुडवू नका. बाकीच्यांनाही ते पाणी शक्यतो देऊ नका. नक्षीच्या खोबणीतला काळा थर निघून जातो आणि नक्षी सपाट दिसू लागते, ठसेही पुसट होतात. पॉलिश मऊ कापडाने, ठशांची जागा सोडून.

भिंगवाला

मोनोग्रामचा विषय निघालाच आहे तर एक भर. जुन्या काळी काटे-चमचे टेबलावर पालथे मांडत, म्हणून जुन्या मालावर अक्षरं पुष्कळदा पाठीवर कोरलेली असतात. तुमच्या आ गटातल्या काट्यांवर अक्षरं पुढच्या बाजूला असतील तर ती नंतर कोरली गेली असण्याची शक्यता लक्षात ठेवा. कोरलेलं साल हे लग्नाचं असतं, काट्याचं नव्हे. आजीचे काटे नातीच्या लग्नात नवं साल कोरून देत. साल ठशांशी भांडत असेल तर ठशांवर विश्वास ठेवा.

आणि नावातली शेवटची पाच अक्षरं निघाली म्हणालात, ती इथे लिहा. त्यांच्या आधी एक-दोन बिंदू किंवा अर्धी रेघ दिसते का तेही लिहा, म्हणजे नावाच्या आधी आद्याक्षर आहे की नाही ते कळेल. उत्तरेकडच्या कारागिरांच्या गाववार सूच्या आहेत, त्या शेवटाकडूनही चाळता येतात.

उल्मकर

अक्षरं बहुधा "एम, ए, एन, एन", आणि त्यांच्या आधी "टी" किंवा "एल". टोकाला, सर्वांत डावीकडे, एक बिंदू आहे. मोनोग्राम पाठीवरच आहे, साल नाही. सुऱ्यांवरही गरुड सापडला. एका मुठीच्या कडीशी पांढरं सिमेंट दिसतं, बाकी पाच स्वच्छ.

भिंगवाला

बिंदू डावीकडे म्हणजे आद्याक्षर आहे, तेही पुसलेलं. "-मान" वर संपणारी जर्मन आडनावं शेकड्यांनी आहेत, पण त्याआधी "एल" की "टी" हे ठरलं तर यादी एकदम आखडते. तेवढ्या एका अक्षरासाठी पाचही काट्यांची काजळी घ्या. हाताने मारलेला ठसा प्रत्येक वेळी वेगळ्या बाजूला दाबला जातो, आणि एकावर गेलेलं अक्षर दुसऱ्यावर शाबूत असतं.